सात करू नकोस

आमच्या गावात पोरगं न सांगता कुठे उंडारायला गेलं की त्याची आई दारातून ओरडते, "सात करू नकोस हं, सांगून जा!" बाहेरून आलेल्या माणसाला वाटतं, सातच्या आत घरी ये म्हणतायत. मी समजावत बसत नाही. माझं पंक्चरचं दुकान आहे, तिथे माणूस दहा मिनिटं थांबतो आणि जातो, आणि ही गोष्ट दहा मिनिटांची नाही. शिवाय ती सांगायला माझी जीभ बारा वर्षं वळली नाही. आता सांगतो, पण आधी मावशीचं सांगायला हवं. तिच्याशिवाय यातलं काहीच झालं नसतं.

मावशी म्हणजे माझ्या आईची सख्खी धाकटी बहीण. धंदा शिवणकामाचा. गावातल्या शेवटच्या गल्लीत तिचं शेवटचं घर, त्याच्या पुढे नुसती टेकडी. कमरेएवढं वाळकं गवत, वर झाडी. मशीन खिडकीपाशी. पाय पायट्यावर, हात कापडावर आणि डोळे टेकडीवर, अशी ती दिवसभर बसायची. त्यामुळे अर्ध्या गावाच्या कॉलरी वाकड्या. कुणी तक्रार केली तर म्हणायची, "मान सरळ ठेव, कॉलर सरळ दिसेल." राग कायम नाकावर. मला तर ती चाळिशीतही कानाला धरून बोलायची, गिऱ्हाइकासमोर.

टेकडीकडे बघायचं कारण होतं. मला मिसरूड फुटलं त्या उन्हाळ्यात आग वरून खाली आली. शहरातून बंब निघाला तो निघालाच. पोचला तेव्हा राख गार झाली होती आणि एक गल्ली गेली होती. बंबाबरोबरच्या साहेबांनी फोटो काढले, आम्हाला धीर दिला, बंब वळवायला जागा नव्हती म्हणून आम्हीच तो ढकलला. त्यानंतर मावशी गळ्यात टेप अडकवून घरोघर गेली. लोकांना वाटलं, माप घ्यायला आली. ती माणसं घ्यायला आली होती. तिला धरून बारा जमली.

तेव्हापासून दर हिवाळ्याच्या शेवटी आम्ही टेकडीच्या पलीकडच्या अंगाला, उताराच्या मध्यावर एक आडवा पट्टा साफ करायचो. ट्रक जाईल एवढा रुंद, गवताची काडी नाही, सुकं पान नाही, नुसती माती. मावशी शिलाईच्या टेपने रुंदी मोजायची आणि चार बोटं कमी पडलं तरी परत कुदळ हातात द्यायची. वणवा आला की आम्ही पाठीवर पाण्याचे पंप घेऊन, ओली पोती घेऊन पट्ट्याखाली उतरायचो, जमेल तेवढं विझवायचो. आमची आग बहुतेक वेळा पलीकडच्या दरीतून चढायची आणि मग माथा ओलांडून गावावर उतरायची, म्हणून अडवायची ती पट्ट्यावरच. आवरेना झालं की शेवटचा उपाय उलटी आग. म्हणजे येणाऱ्या आगीच्या वाटेतलं गवत पट्ट्यावरून आपणच पेटवून द्यायचं. ती वर पोचेपर्यंत तिला खायला काही उरत नाही. उपाय नामी. फक्त त्या वेळी पट्ट्याच्या खाली माणूस राहिला तर तो दोन आगींच्या मध्ये सापडतो.

म्हणून मोजणी. मावशी वरच्या खडकावर उभी राहून तीन शिट्ट्या द्यायची. सगळ्यांनी पट्ट्यावर यायचं, नंबराप्रमाणे ओळीत. धुरात शेजारचा दिसत नसतो, म्हणून आवाजाने मोजायचं. मावशी स्वतः "एक" म्हणायची आणि पुढे प्रत्येकाने आपापला नंबर ओरडायचा. बारा आले की ती काडी ओढायची. उन्हाळ्याचे चार महिने टेकडीवर काडेपेटी फक्त तिच्याकडे, मशीनच्या सुयांच्या पत्र्याच्या डबीत. बाकी कुणाच्या खिशात सापडली तर त्याची खैर नसायची. आमच्या शर्टांच्या पाठीवर तिने लाल कापडाचे आकडे शिवले होते. माझा आठ. माझ्या डाव्या हाताला सात, म्हणजे गवंडी.

गवंडी माझा शाळेपासूनचा दोस्त. एका बाकावर बसायचो. तो मधल्या सुट्टीनंतर पळायचा आणि मी त्याची हजेरी द्यायचो, त्याच्यासारखा नाकातून, लांबवून, "हजेऽर". मास्तर कधी ओळखू शकले नाहीत. गवंडी म्हणायचा, "लेका, माझा आवाज माझ्यापेक्षा तुला चांगला जमतो." घर बांधताना गुणगुणायचा, उधारीवर विड्या मागायचा, आणि त्याला आठ वर्षांची एक पोरगी होती, ती दिवसभर त्याच्या वाळूच्या ढिगावर खेळायची.

बारा वर्षांपूर्वीची दुपार. आग वाईट होती. तीन शिट्ट्या झाल्या, आम्ही खोकत पट्ट्यावर आलो. गवंडी माझ्या कानाशी आला आणि म्हणाला, "पंप खालच्या विहिरीवरच राहिला. नवा आहे रे, मावशी सोलून काढेल. दोन मिनिटांत आलो. नंबर आला तर हाणून दे." आणि गेला. मी हो म्हणालो की नाही, ते मला आजही आठवत नाही. बहुतेक नुसतं हसलो.

मोजणी सुरू झाली. एक, दोन, तीन. सहा म्हणजे आमचा न्हावी, तो ओरडला. मी नाकातून, लांबवून ओरडलो, "साऽत." मग माझ्या आवाजात, "आठ." पुढे बारापर्यंत सगळे आले. मावशीने काडी हातात घेतली आणि थांबली. फार नाही, एक श्वासभर. मला वाटलं, वारा बघतेय. मग तिने काडी ओढली.

पुढचं सांगत नाही. तो पंपासकट सापडला. पट्टा हाकेच्या अंतरावर होता.

चौकशीला माणसं आली, वही काढली. सगळ्यांनी तेच सांगितलं जे सगळ्यांनी ऐकलं होतं. सात नंबरने हजेरी दिली आणि त्यानंतर तो कुणाला न सांगता खाली गेला. मीही सही केली. न्हाव्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला, दोस्त गेला म्हणून. लोकांनी गवंड्याला नावं ठेवली ती आजतागायत. शहाणा असता तर हजेरी देऊन खाली कशाला गेला असता? नव्या माणसांना शिकवताना त्याचाच दाखला. तिथून ते "सात करणं" निघालं. त्याची आई दवाखान्यामागच्या गल्लीत राहते. तिच्या खिडकीखालून पोरं ओरडत जायची, "ए, सात करू नकोस!" मी ऐकायचो आणि ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत बसायचो. भ्याड होतो, दुसरं काय.

नंबर सात मावशीने कुणाला दिला नाही. मोजणीत सहा झाले की ती एक श्वासभर थांबायची, मग मी आठ म्हणायचो. गवंड्यासाठी शिवलेला दुसरा, कोरा शर्ट तिच्या खोलीत मशीनच्या मागे खिळ्याला होता. कधी कुणी घातला नाही, कधी टेकडीवर गेला नाही. आणि त्या शर्टाला उन्हाळ्यात मधूनच धुराचा वास यायचा. वास आला की दोन दिवसांत आग. एकदाही चुकलं नाही. मावशी नाक लावायची, शिट्टी काढून गळ्यात घालायची. मला म्हणायची, "ये, वास घेऊन बघ." मी म्हणायचो, "मला सर्दी आहे." बारा वर्षं मला दर उन्हाळ्यात सर्दी.

दुसरंही एक होतं, ते मी कुणाला सांगितलं नाही. मोजणीच्या त्या रिकाम्या श्वासात माझ्या डाव्या खांद्यामागे कुणीतरी घसा साफ करायचं. बोलायच्या आधी करतात तसं. मी मान वळवायचो नाही.

गेल्या वर्षी गवंड्याची पोरगी गावात परत आली. एकोणीस वर्षांची, शहरात शिकून वायरमन झालेली. लोक आधी हसले, मग घराघरातले पंखे तिने चालू केल्यावर गप्प झाले. सगळे तिला वायरमनच म्हणायला लागले. ती थेट मावशीकडे गेली, मी तिथेच होतो. म्हणाली, "मला घ्या तुमच्यात. आणि नंबर सात द्या."

"तेरा देते," मावशी म्हणाली.

"मी बाबांचा नंबर मागतेय. लोक म्हणतात तो वेंधळ्याचा नंबर आहे. मला तो नीट चालवून दाखवायचाय."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. का पाहिलं ते तेव्हा कळलं नाही. मग खिळ्यावरचा शर्ट काढला आणि पोरीच्या मापाचा करायला बाह्या उसवायला घेतल्या. मी उसवलेले दोरे गोळा करत बसलो.

या वर्षी चौथ्या महिन्यात एका सकाळी मावशीने दुकानात निरोप धाडला. गेलो तर वायरमन दारात शर्ट हातात घेऊन उभी. "काका, काल धुतलाय मी हा. तरी वास बघा." या वेळी सर्दी सांगता येईना. मी नाक लावलं. ओलं पोतं, करपलेलं गवत आणि त्यात विडीचा वास. मी म्हणालो, "साबण चांगला वापर."

दुपारी आग आली. इतकी मोठी मी त्या दिवसानंतर पाहिली नव्हती. सूर्य तांब्याच्या नाण्याएवढा झाला, पाखरं आवाज न करता डोक्यावरून गेली. आम्ही खाली अर्धा तास झगडलो. मग तीन शिट्ट्या. वर आलो तेव्हा हात पुढे केला तर बोटं दिसत नव्हती. मी माझ्या जागेवर उभा राहिलो. डावीकडे वायरमन असणार असं धरून चाललो.

"एक!" मावशी ओरडली. दोन. तीन. चार. पाच. न्हाव्याचे सहा.

आणि माझ्या डाव्या खांद्यामागून, अगदी कानाशी, "साऽत."

नाकातून, लांबवून. तो पोरीचा आवाज नव्हता. गवंड्याचाही नव्हता. गवंडी खरा कसा बोलायचा ते मला माहीत आहे. तो माझा आवाज होता. मी काढलेला गवंड्याचा आवाज. बारा वर्षांपूर्वी माझ्या तोंडातून गेलेला, जसाच्या तसा, शेवटी आलेल्या खोकल्यासकट. आणि माझं तोंड बंद होतं. ओठ दातांखाली धरलेले होते, रक्ताची चव येत होती.

मी वळलो. पहिल्यांदाच वळलो. तिथे कुणी नव्हतं. धूर होता आणि जमिनीवर पट्ट्याची मोकळी माती, तिच्यावर पाऊल नाही.

"आठ!" न्हावी ओरडला. "अरे आठ, झोपलास का?"

नुसतं आठ म्हणायचं होतं. पुढचे चार पटापट आले असते, काडी ओढली गेली असती, आणि सगळ्यांनी ऐकलंच होतं, सातने हजेरी दिली. वहीत तसंच लिहिलं गेलं असतं. पोरगी बापावर गेली, म्हणाले असते. खोटं कशाला बोलू, तेवढ्यात मनात तेही येऊन गेलं, की ती असेल इथेच दोन पावलांवर, मला भास झाला असेल. बारा वर्षं जसं मनाला समजावत आलो तसंच.

"सात नाही!" मी ओरडलो. "मावशी, काडी ओढू नको! सात नाहीये!"

"अरे, आत्ता दिली की तिने हजेरी! मी ऐकली," न्हावी म्हणाला. पलीकडून आणखी दोघं म्हणाले, ऐकली, पोरीचाच आवाज होता.

"ती नाही बोलली! ती खाली आहे!"

"तुला काय माहीत?"

"कारण त्या दिवशीही तो खाली होता! त्याची हजेरी मी दिली होती! मी! तो मला सांगून गेला होता!"

फक्त आगीचा आवाज, मोठं कापड टराटरा फाडल्यासारखा. मग वरून डबीचं झाकण बंद झाल्याचा खट असा आवाज आला. मावशीने काडी आत ठेवली होती. आणि ती शिट्टी वाजवायला लागली, तीन नाही, सलग, श्वास संपेपर्यंत, मग पुन्हा. म्हातारीच्या छातीत एवढा वारा कुठून आला, देव जाणे.

आम्ही उभे राहिलो. सहा मिनिटं की सात, घड्याळ बघायचं सुचलं नाही. डाव्या टोकाला आग पट्ट्यापर्यंत आली आणि ठिणग्या उडून पलीकडे पडायला लागल्या. कुणी म्हणालं, मावशी, तुमचं घर. मावशी शिट्टी वाजवत राहिली.

मग धुरातून खोकला ऐकू आला आणि वायरमन रांगत पट्ट्यावर आली. केस एका बाजूने जळालेले, हातात पक्कड. विहिरीवरची वीजतार लोंबून गवतावर आली होती. तिचा कुणाला शॉक बसू नये म्हणून फ्यूज काढायला पोरगी आणखी खाली गेली होती. पाच नंबरला सांगून गेली होती. पाच नंबर आमचा बहिरट कंपाउंडर, त्याला आगीत ऐकूच आलं नव्हतं. पहिल्या शिट्ट्या तिला ऐकू आल्या नाहीत. मग शिट्टी सलग वाजत राहिली, तिच्या दिशेने ती आली. मी तिचा दंड धरला तो सोडवेना.

"काका, दुखतंय," ती म्हणाली. मग वर तोंड करून ओरडली, "सात!"

मी आठ म्हणालो. बारापर्यंत आले. मावशीने काडी ओढली.

गाव वाचलं. शेवटच्या गल्लीतलं शेवटचं घर तेवढं गेलं. संध्याकाळी मावशी त्याच्यासमोर दगडावर बसली होती. मशीनचं लोखंड काळं होऊन उभं होतं, पायटा, चाक, सगळं जागच्या जागी. मी शेजारी बसलो. काय बोलायचं असतं अशा वेळी? माफी कुणाची मागायची, कुठून सुरुवात करायची?

"माझ्यामुळे उशीर झाला," मी म्हणालो. "घर गेलं."

"गप्प बस." मग म्हणाली, "ओळखला होता मी."

"काय?"

"तुझा आवाज. त्या दिवशी. अरे, तुला बोलायला मी शिकवलंय, तुझी आई आजारी होती तेव्हा. तू नाकातून बोल नाहीतर पोटातून, मला कळणार नाही?"

"मग काडी का ओढलीस?"

"वारा फिरत होता. अकरा जण पट्ट्यावर, मागे गाव. तू सात म्हणालास. मी स्वतःला सांगितलं, भास असेल." तिने डबी उघडली, बंद केली. "बारा वर्षं वाट बघत होते, तू सांगशील. आणि सांगू नकोस असंही वाटायचं. तू सांगितलंस तर मलाही सांगावं लागलं असतं. आज पण तोच आवाज आला. पोरीचा नव्हता. तुझा होता."

"मी तोंड उघडलं नव्हतं, मावशी."

"माहीत आहे. तू नसतास बोललास तर मी काय केलं असतं, ते विचारू नकोस मला." आणि ती रडली. तिला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. मलाही आवरलं नाही, तिच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडलो, तर तिने केसात हात घातला आणि वर म्हणाली, "डोकं केवढं जड आहे रे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं दवाखान्यामागच्या गल्लीत गेलो. गवंड्याची आई खिडकीपाशी शेंगा सोलत बसली होती, वायरमन कानामागे मलम लावत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. बसायची हिंमत झाली नाही. मावशीने तिचं सांगितलं. काकूंचे हात थांबले नाहीत. शेंग फोडायची, दाणे ताटात, साल खाली.

"म्हणजे तो सांगून गेला होता," शेवटी त्या म्हणाल्या.

"हो काकू. मला सांगून गेला होता."

"वेंधळेपणा नव्हता केला."

"नाही."

त्यांनी ताट बाजूला ठेवलं. "बारा वर्षं त्याच्या फोटोसमोर उभी राहून शिव्या घातल्या रे मी त्याला. रोज. मेल्या, न सांगता का गेलास म्हणून." आणि मग त्या भिंतीकडे वळल्या, फोटोकडे, आणि आमच्याकडे पुन्हा काही पाहिलं नाही. वायरमनने आम्हाला दारापर्यंत सोडलं. दार लावून घेतलं ते हळूच.

मी ते चौकशीच्या वहीत लिहून दिलं, गावासमोर वाचूनही दाखवलं. काही जण अजून दुकानावर येत नाहीत, दुसऱ्या गावात जाऊन पंक्चर काढतात. बरोबर आहे त्यांचं. मावशी आता माझ्या माडीवर राहते, त्याच काळ्या मशीनला नवा पट्टा घालून शिवते, आणि खिडकीतून टेकडी नीट दिसत नाही म्हणून मला बोल लावते. काडेपेटी तिने वायरमनकडे दिली. मोजणीला आता सहा होतात, पोरगी खणखणीत "सात" म्हणते, मी डावीकडे वळून तिला डोळ्यांनी बघतो आणि मगच माझा नंबर देतो. खांद्यामागे आता कुणी घसा साफ करत नाही. शर्टाला वास मात्र अजून येतो.

परवा दुकानासमोरून एक बाई पोराला ओढत नेत होती. त्याने काहीतरी लपवलं होतं, फोडलेली काच की काय. ती त्याला म्हणाली, "खरं सांग. आठ करू नकोस." मग तिचं माझ्याकडे लक्ष गेलं आणि ती ओशाळली. मी म्हटलं, "असू दे, बाई," आणि ट्यूब पाण्यात बुडवली.